बाळंतपणाचे निर्णय: कोणते, कधी आणि कुणाचे

गरोदरपणातला पहिला मोठा निर्णय बहुतेक जणींच्या हातून दिवस राहिल्याचं कळायच्या आतच निसटतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येतं त्यातल्या चौदा-पंधराव्या दिवशी. मग 'बघू अजून चार दिवस' करत घरी टेस्ट होते, मग डॉक्टरांची वेळ मिळते. डॉक्टर फोलिक ॲसिडची गोळी लिहून देतात तेव्हा ती नळी मिटून गेलेली असते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी मूल हवं असं ठरलं की सुरू करायची, निदान महिनाभर आधी, आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर मात्रा जास्त लागते आणि ती डॉक्टरच ठरवतात. गोळी अगदी स्वस्त आहे. लग्नानंतर 'गोड बातमी कधी?' असं विचारणाऱ्या मंडळींपैकी कुणी 'फोलिक सुरू केलंस का?' असं विचारल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.

माहिती घेऊन निर्णय घ्यायचा, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एखादा फॉर्म आणि त्यावरची सही येते. खरं तर यात सहीपेक्षा वेळ महत्त्वाची असते. प्रत्येक निर्णयाची एक मुदत असते. ती टळली की उरतं ते फक्त होकार देणं.

पहिल्या तीन महिन्यांतल्या रक्ताच्या तपासण्याच बघा. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एक तपासणी असते. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा दोष शरीरात आहे का, ते तिच्यातून कळतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल नवा नाही, सिंधी आणि कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे, पण इतरांनीही गाफील राहू नये. दोष एकाच पालकात असेल तर बाळाला तो आजार होत नाही. दोघांत असेल तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. त्यामुळे बायकोच्या रिपोर्टमध्ये काही निघालं की नवऱ्याचं रक्त लगेच तपासावं लागतं, आणि गाडी नेमकी इथेच अडते. 'मला काय झालंय?' म्हणत तीन आठवडे जातात. गर्भाची तपासणी करून पुढचं ठरवायला तेच तीन आठवडे हवे असतात.

डबल मार्कर ही आणखी एक तपासणी. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी आणि रक्ताची चाचणी मिळून डाउन सिंड्रोम या जन्मजात दोषाची शक्यता काढतात. रिपोर्टवर 'हाय रिस्क, १:२००' असं छापून आलं की घरात रडारड सुरू होते. या आकड्याचा अर्थ सरळ आहे. असा रिपोर्ट आलेल्या २०० जणींपैकी एकीच्या बाळात हा दोष असेल आणि १९९ जणींच्या बाळात नसेल. डबल मार्कर निदान करत नाही, पुढे कुणाला तपासायचं याची चाळणी लावते. नंतर आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए पाहणारी चाचणी करता येते. ती बरीच अचूक आहे, पण महाग आहे आणि तीही चाळणीच. पक्कं उत्तर गर्भजल किंवा वारेचा कण काढून मिळतं, आणि त्यात गर्भपाताचा धोका थोडा असतो, एक टक्क्याच्या आतला. कुठवर जायचं हे जोडप्यानं ठरवायचं. 'काहीही निघालं तरी आम्हाला हे बाळ हवंच' असं ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांनी ही चाचणी का करायची हे आधी डॉक्टरांना विचारावं. नको म्हणण्यात चूक काहीच नाही.

बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीची वेळ अठरा ते वीस आठवडे. 'दोन आठवड्यांनी केली तर काय बिघडतं?' याचं उत्तर कायद्यात आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. सोनोग्राफी तेविसाव्या आठवड्यात झाली आणि काही निघालं, तर विचार करायला मोजकेच दिवस उरतात. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: सज्ञान बाईच्या बाबतीत हा कायदा फक्त तिची संमती मागतो, नवऱ्याची नाही.

आता ताटाकडे येऊ. कारण सल्ल्यांचा खरा पाऊस इथे पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. कमी म्हणजे ११ च्या खाली. हा आकडा थोडा उतरतो ते स्वाभाविकच आहे. गरोदरपणात रक्तातलं पाणी ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत. आमटीत पाणी वाढवलं की तिखट कमी लागतं, तसंच हे. पण आपल्याकडे मुळात आमटीच पातळ असते. दर महिन्याच्या पाळीत लोह जातं, ताटात ते बेताचं, आणि वाढून झाल्यावर शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात त्याहून कमी. पूर्ण गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. ते नुसत्या जेवणातून भरून निघणं अवघड, म्हणून सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोहाची. बाळंतपणानंतरही ती सहा महिने घ्यायची असते.

गोळी अंगणवाडी, आरोग्य केंद्र, सगळीकडे मिळते. तिची पाकिटं फडताळात पडून राहतात, कारण तिनं मळमळतं, पोट घट्ट होतं आणि शौचाला काळं होतं. काळं होण्याला घाबरू नये, ते न शोषलेलं लोह असतं. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघावी. सगळ्यात मोठी गफलत वेळेची. सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतली तर चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, आणि दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर कॅल्शियम आडवं येतं. दोन्ही गोळ्या एकदम गिळून 'आटपलं एकदाचं' म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम जेवणानंतर आणि लोह जेवणापासून लांब, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलं तर उत्तम. एवढं पाळूनही महिन्याभरात आकडा हलला नाही तर 'अजून बीट खा' हे उत्तर नाही. शोषण होतंय का, थॅलेसेमियाचा दोष आहे का, शिरेतून लोह द्यायला हवं का, हे विचारायचं. आणि आकडा ७ च्या खाली असेल तर वाट बघणं नाहीच, मोठं रुग्णालय गाठायचं.

बीट आणि डाळिंबाचं म्हणाल तर त्यांचा लौकिक रंगावर उभा आहे. १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. तेवढ्याच बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण बाजरीचा रंग राखाडी, तिला कोण विचारतं? खाणाऱ्यांसाठी सुकट, जवळा आणि मटण हे लोहाचे चांगले मार्ग, कारण मांसमच्छीतलं लोह शरीर सहज उचलतं. शाकाहारी घरात बाजरीची भाकरी, माठ, चवळी, मटकीची उसळ आणि वर पिळलेलं लिंबू. ते लिंबू शोभेचं नसतं, 'क' जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं.

'दोन जिवांचं खा' हा सल्ला प्रेमाचा, पण हिशेब वेगळा आहे. पहिल्या तिमाहीत जास्तीचं खावं लागत नाही, मळमळीत असलेलं पोटात टिकलं तरी पुष्कळ. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे त्यानंतर दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि लहान कप दूध, झालं एवढं. खरी वाढ प्रथिनांची हवी: शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅम जास्त. अंड्यात सहा-सात ग्रॅम असतात, वाटीभर उसळीतही जवळपास तेवढीच. साजूक तुपाच्या लाडवात प्रथिनं फारशी नसतात. तूप खाल्लं की बाळ घसरून येतं, हेही सोडून द्या. तूप अन्नमार्गात जातं, बाळ गर्भाशयात असतं, आणि या दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही. याच्या उलटही एक समज आहे, जो मला जास्त घातक वाटतो: कमी खाल्लं तर बाळ लहान राहील आणि बाळंतपण सोपं जाईल. कमी वजनाचं बाळ बाहेर लवकर येईलही, पण नंतर त्याचं अंग गार पडणं, साखर उतरणं, जंतुसंसर्ग हे सगळं झेलावं लागतं.

पपईचं भांडण तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, तेव्हा कच्ची टाळलेली बरी. पूर्ण पिकलेल्या पपईत तो चीक जवळजवळ नसतो. दोन फोडी खाल्ल्या म्हणून काही होत नाही, आणि घरात वाद नको म्हणून नाही खाल्ल्या तरी काही अडत नाही. केशरानं बाळ गोरं होत नाही. ग्रहणात बारा तास उपाशी बसवणं मात्र टाळाच, विशेषतः जिला मधुमेह आहे तिला. मासे खावेत, तारली आणि बांगडा बिनधास्त. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, ते या काळात नकोत.

साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. 'आमच्या घरात कुणाला नाही' हे कारण चालत नाही, वार जी संप्रेरकं सोडते त्यांनी साखर चढते. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाच्या आधी ही तपासणी होऊन जावी, म्हणजे पाचव्या पेढ्याला नको म्हणायला हाताशी रिपोर्ट असतो.

मग येतो खास आपल्याकडचा निर्णय: बाळंतपण कुठे, सासरी की माहेरी? पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. आईच्या घरी बाईला झोप मिळते, मागितल्यावाचून खायला मिळतं. पण वैद्यकीय बाजूनं पाहिलं तर सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात, आणि रक्तदाब वर सरकायला लागतो, बाळाची वाढ मंदावते ती याच काळात. तेव्हा जाताना साडीबरोबर फाइल जाऊ द्या: सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, माता व बालसंरक्षण कार्ड. नव्या डॉक्टरांकडे पहिली भेट कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी. रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्त कुठून येतं? बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर ती इथेच आहे का? खोलीला एसी आहे का, हे सगळे विचारतात. हे तीन प्रश्न विचारणारे क्वचित दिसतात. उत्तरं समाधानाची नसतील आणि आधीचं सिझर, जुळं, वाढलेला रक्तदाब किंवा खाली सरकलेली वार असं काही असेल, तर रीत बाजूला ठेवून आईनंच लेकीकडे येऊन राहावं.

सिझरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, 'हल्ली सगळी सिझरंच करतात' आणि 'कशाला कळा सोसायच्या?' त्याच पाचव्या फेरीत देशात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरनं झाल्या, सरकारीत १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या बऱ्याच केस शेवटी सरकारी रुग्णालयाकडेच पाठवल्या जातात, तरी फरक इतका. तो नुसत्या आजारपणानं समजावून देता येत नाही. डॉक्टरांचा वेळ, बिल, कोर्टकचेरीची भीती आणि घरच्यांची घाई, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. मुहूर्ताच्या सिझरला डॉक्टर एकटे जबाबदार नाहीत. पंचांग आपण घेऊन जातो. तारीख ३९ आठवड्यांच्या अलीकडची निघाली तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि उत्तम नक्षत्रावर जन्मलेलं मूल पहिले तीन दिवस पेटीत काढतं.

काही कारणांवर चर्चा नसते. वारेनं पिशवीचं तोंड झाकलंय, बाळ आडवं आहे आणि कळा सुरू झाल्यात, नाळ बाळाच्या आधी बाहेर आलीय, बाळाचे ठोके उतरून वर येत नाहीत. इथे सिझर जीव वाचवतं, आणि मिनिटं मोजून करावं लागतं. दुसऱ्या गटातली कारणं मात्र विचारून घेण्यासारखी असतात. 'नाळ गळ्याभोवती आहे' हे ऐकून घरचे हादरतात, पण जवळपास चार बाळांतल्या एकाच्या गळ्याभोवती नाळ असतेच आणि बहुतेकांचा जन्म नॉर्मल होतो. तेवढ्यावरून सिझर करत नाहीत. 'बाळ मोठं आहे' हा सोनोग्राफीचा अंदाज असतो, तो किलोत दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. आधी एक सिझर झालं असेल तर पुढचंही सिझरच, असा नियम नाही. टाका आडवा आणि खालच्या भागावर असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी ६० ते ८० टक्के जणींचं नॉर्मल होतं. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एकीच्या आसपास असतो. तो लहान आहे पण गंभीर आहे, म्हणून हा प्रयत्न जिथे तातडीनं ऑपरेशन होऊ शकतं तिथेच करायचा.

अशा वेळी विचारायचं एवढंच: हे कशासाठी, नाही केलं तर काय, थोडं थांबलो तर चालेल का, दुसरा मार्ग कोणता? 'तुम्हाला आमच्यावर विश्वास नाही का?' असं उत्तर आलं तर आठव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. कळांच्या खोलीत तो नसतो.

कळांचंही थोडं. पहिलटकरणीला पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत पुष्कळ तास लागू शकतात, आणि त्याला 'अडलंय' म्हणत नाहीत. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाजूला ठेवला. त्याच मार्गदर्शक सूचनांत सरसकट खालून छेद देऊ नये, एनिमा देऊ नये, आणि बाईला हवी ती व्यक्ती सोबत असू द्यावी असं आहे. कळांचं सलाईन लावलं तर कशासाठी लावलं ते विचारा. ते गरजेचं असू शकतं, पण त्यानं कळा जोराच्या होतात आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

आणि संमती. आपल्याकडे सही नवऱ्याची किंवा सासऱ्यांची घेतात, बाई दोन हातांवर असते तरी. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात हा मुद्दा निकाली काढला. एक बाई तपासणीसाठी भुलीखाली होती. तेवढ्यात बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयानं सांगितलं की सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येण्यासारखं असताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, थांबूही नये.

तसंच आपणही थांबू नये अशा गोष्टी आहेत. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगड्यांखाली कळ, चेहऱ्यावर सूज, अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, बाळाचं हलणं कमी होणं. यातलं काहीही झालं की वडीलधाऱ्यांचं मत विचारत बसायचं नाही. १०८ लावा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येणं आणि घरी सोडणं सगळं मोफत आहे. पैसे मागितले तर ही योजना २०११ पासून चालू आहे हे शांतपणे सांगा.

बाळ बाहेर आलं की तासाभरात छातीशी. पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही. गुटी, मध, साखरेचं पाणी काही नाही, मधानं तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. सिझर झालं तरी आडवं पडून पाजता येतं, नर्सला हात लावायला सांगायचं.

एक निर्णय मात्र याच्याही आधी घेऊन ठेवावा लागतो. वार पडल्यावर लगेच किंवा पुढच्या ४८ तासांत कॉपर-टी बसवता येते. सोय चांगली आहे, पण बऱ्याच जणींना त्याबद्दल पहिल्यांदा विचारतात ते प्रसूतीच्या टेबलावर, कळांच्या मधोमध. म्हणून आठव्या महिन्याच्या भेटीतच बोलून फाइलवर लिहून घ्यावं. नको असेल तर नाही म्हणता येतं, आणि हवी असेल तर नवऱ्याची सही लागत नाही.